गळा बदललेली गिटार

मित्रांनो, दुकानाच्या काचेतली चकचकीत गिटार डोळ्यांसमोर आणू नका. मी जुनी, जड आणि जरा तोंडाळ आहे. अंग महोगनीचं, म्हणून रंग तांबूस आणि आवाज मऊ. माझ्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी आहेत. त्यांना पिकअप म्हणतात. तार थरथरली की तो थरकाप पिकअप उचलतात आणि स्पीकरकडे पाठवतात. थोडक्यात, तो माझा गळाच!

सैन्यातून सुटल्यावर आमोसने मला तेल अवीवच्या जुन्या बाजारातून उचललं आणि इस्रायलमधल्याच किर्यात गात गावी घरी आणलं. त्याची आई हॅनाबाई मूळची ठाण्याची. घरात दिवसभर तिची बडबड, म्हणून मलाही मराठी येतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्या आमच्या ज्यू लोकांच्या लग्नांत मी वाजू लागले की म्हातारेकोतारेसुद्धा खुर्च्या पुढे ओढायचे. काय दिवस होते ते!

मग आमोस सूतगिरणीत लागला. तिथे सदानकदा यंत्रांचा खडखडाट. कानांवर लावायचं कवच त्याला दिलं होतं, पण तो ते गळ्यात अडकवून ठेवायचा. "ते लावलं की मशीनचा ठेका कळत नाही," म्हणायचा.

सत्त्याण्णव साल असेल. आमोस कुरकुरू लागला. "इमा, हिचा आवाज दबलाय. पिकअप गेलेत." आईला तो हिब्रूत इमा म्हणायचा.

"दबलाय कुठे मेल्या? माझे कान किटले!" हॅनाबाई म्हणाल्या. "आणि तो टीव्ही हळू कर आधी."

खरं सांगते, माझा गळा ठणठणीत होता. पण मला विचारतंय कोण?

बीर शेव्यात लिरोन नावाचा गिटार दुरुस्त करणारा होता. आमोस मला त्याच्याकडे घेऊन गेला. वेगवेगळे पिकअप बसवलेल्या गिटारी त्याच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. लिरोन एकेक वाजवून दाखवू लागला. पहिले पिकअप मऊ, माझ्या लाकडाला शोभणारे. आमोसने नकारार्थी मान हलवली. दुसरे जरा मोकळे. तरी नाही. शेवटचे भलतेच कडक निघाले. दारातल्या गिऱ्हाइकाने कानांवर हात ठेवले, आणि इकडे आमोसचा चेहरा फुलला. "हेच! आत्ता कुठे नीट ऐकू आलं."

लिरोन थबकला. मग पाठ वळवून, माझ्यावर वाकून त्याने हळूच विचारलं, "आमोस, कान शेवटचे कधी तपासलेस?"

आमोस भिंतीवरच्या गिटारी बघत राहिला. लिरोनला वाटलं, गिऱ्हाईक रागावलं. त्याने तोंड मिटलं आणि माझा जुना गळा काढायला घेतला. मी आतल्या आत ओरडत होते, अरे, पुन्हा विचार, मोठ्याने विचार!

घरी आमोस खुशीत होता. शुक्रवारी दुपारी तो मला मांडीवर घेऊन बसला. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, लागायच्या आत हॅनाबाई न्हाणीघर धूत होत्या. धाडकन आवाज झाला. मग हाक आली, "आमोस!"

त्याचे डोळे मिटलेले, बोटं चालूच. पुन्हा हाक आली, बारीक, कापरी. माझा तो नवा कर्कश सूर त्या हाकेवर पडला. निदान एखादी तार तरी तुटावी म्हणून मी तडफडले. एकही तुटली नाही. हाका बारीक होत गेल्या आणि थांबल्या.

गाणं संपवून तो पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याला आई न्हाणीघरात पडलेली दिसली. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॅनाबाईंचे ओठ पांढरे पडले होते. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो रडायला लागला. "इमा, हाक का नाही मारलीस गं?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवले. "मारल्या रे बाळा. घसा बसेपर्यंत मारल्या."

मित्रांनो, आता मी कपाटावर पडून असते आणि हॅनाबाई काठीच्या आधाराने चालतात. कुणाचा आवाज दबलाय असं तुम्हाला वाटलं, तर आधी स्वतःचे कान दाखवून या. गिटारीला नवा गळा मिळतो. कान कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.