चौदा अंगठे

“गुरुत्वाकर्षणातला रु पहिला की दुसरा?” व्हॉल्व्हकाकांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या माणसाने तिला आजवर फक्त चष्मा कुठे आहे एवढंच विचारलं होतं. “पहिला,” ती म्हणाली. “सकाळी सकाळी त्याच्यावाचून काय अडलंय तुमचं?”

“आज अकरा ते बारा बंद ठेवतोय.”

“ठेवा. येताना साबण आणा.”

काका रुग्णालयातले पाणीपुरवठ्याचे मिस्त्री. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. रुग्णालयाचे चार मजले, चौदा विभाग, आणि तळघरात एक लाल व्हॉल्व्ह. तो फिरवला की सगळीकडचं पाणी बंद. पूर्वी दुरुस्ती निघाली की काका जिने चढून दारोदार सांगत, “तासभर पाणी नाही हं.” कुणी बादल्या भरून ठेवी, कुणी काकांच्या खानदानाची चौकशी करी, आणि कुणी हमखास म्हणे, “आत्ता नको, अर्ध्या तासाने करा.” मग दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या ॲपवर ग्रुप निघाला: ‘सूचना – सर्व विभाग’. काकांनी सूचना टाकायची, प्रत्येक विभागाने एक अंगठा द्यायचा, चौदा अंगठे भरले की व्हॉल्व्ह फिरवायचा. काकांच्या गुडघ्यांनी या ग्रुपला मनोमन आशीर्वाद दिले होते.

तीन आठवड्यांपूर्वी अशीच सूचना गेली. नऊ मिनिटांत चौदा अंगठे. काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. चौथ्या मजल्यावर डायलिसिसची चार मशीन चालू होती आणि तिथली राखीव टाकी नेमकी धुवायला रिकामी केलेली. डायलिसिसचा अंगठा इनचार्ज बाईंनी दिला होता. बाई रजेवर, नणंदेकडे. ड्युटीवर एकटी सिस्टर, आणि वॉर्डात मोबाइल न्यायचा नाही हा त्याच बाईंचा नियम. चारही मशीन एकदम कोकलायला लागली. सिस्टरने तिघांचं रक्त वेळेत परत अंगात घातलं. चौथे एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांचं नळीतच गोठलं आणि ते कोसळले. आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले. फक्त आता स्वतःच्या बायकोला ते ‘ताई’ म्हणतात.

चौकशी बसली. समितीचं गणित सोपं होतं: विभागाने पोच दिली, विभागात सिस्टर होती, म्हणजे सिस्टरला माहीत होतं, म्हणजे सिस्टरला काढा. या गणिताला आधार काकांच्या जबाबाचा होता. ‘सूचना दिली. चौदा अंगठे आले. मग काम सुरू केले.’ अक्षर वळणदार, खाली सही.

काल जिन्यात सिस्टर भेटली होती. काका भिंतीला चिकटून निघून जात होते, तर तीच म्हणाली, “काका, तोंड कशाला लपवता? तुम्ही खोटं कुठे लिहिलंय?”

हे शिवी दिल्यासारखं लागलं. रात्रभर लागत राहिलं. आज दुपारी तीनला समितीचा निकाल होता आणि सव्वाआठला काकांनी सूचना पाठवली:

‘सर्व विभागांना कळविण्यात येते की, दुरुस्तीच्या कामानिमित्त आज सकाळी ११ ते १२ गुरुत्वाकर्षण बंद राहील. रुग्णांना पलंगाला बांधून ठेवावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

पहिला अंगठा चार सेकंदांत आला, अधीक्षकांच्या कार्यालयाचा. लॅबने विचारलं, ‘लिफ्ट चालू राहील ना?’ स्वयंपाकघराने लिहिलं, ‘ठीक. पण बाराला ताटं लावायची असतात, वेळ पाळा.’ नऊच्या आत चौदा अंगठे भरले. डायलिसिसचा सातवा, इनचार्ज बाईंचाच.

अकरा वाजले. गुरुत्वाकर्षण चालूच राहिलं. त्याबद्दलही कुणी तक्रार केली नाही.

तीनला काकांनी ती सूचना अंगठ्यांसकट छापून समितीच्या टेबलावर ठेवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर सिस्टर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. अधीक्षकांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“हा काय चावटपणा आहे?”

“सूचना आहे साहेब. पहिला अंगठा आपला आहे.”

“तो माझा कसा असेल? ऑफिसातल्या कुणीतरी दिला असेल!”

“तेच म्हणतोय साहेब. कुणीतरी.”

स्वयंपाकघराचे प्रमुख समितीवर होते. ते हळूच म्हणाले, “आम्ही निदान वेळ पाळा म्हटलं होतं.”

“तुम्ही गप्प बसा हो!” अधीक्षक म्हणाले, आणि त्यांनी कागद पालथा घातला.

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. “आणखी एक लिहून घ्या. मला माहीत होतं. दोन वर्षांत या ग्रुपवर एकदाही कुणी ‘थांबा’ म्हटलं नाही. चौदा विभाग, दोन वर्षं, आणि कुणालाच अडचण नाही? असं कुठे असतं का? त्या दिवशी मी एकदा जिना चढायला हवा होता. गुडघे दुखत होते म्हणून नाही चढलो.”

लिहून घेणाऱ्या कारकुनाने पेन उचललं. “गुडघ्यांचं पण घ्यायचं का?”

“ते आधी घ्या.”

सिस्टरची नोकरी राहिली. डायलिसिसचा अंगठाही तिच्या टेबलावर आला, मोबाइलसकट. काकांना खोटी सूचना पसरवल्याबद्दल मेमो मिळाला आणि ग्रुपमधून काढण्यात आलं. आता सूचना कारकून टाकणार, काकांनी नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा. कारकुनाने स्वतःच्या मोबाइलवर त्यांना दाखवलं: ‘पाणीपुरवठा मिस्त्री यांना ग्रुपमधून कमी करण्यात आले आहे.’ खाली अंगठे.

काकांनी सवयीने मोजले. “तेरा आहेत.”

“डायलिसिसने दिला नाही. नियमाने बघायला गेलं तर तुम्हाला काढताच येत नाही, काका.”

“मग?”

“काढलंय.”

पुढच्या मंगळवारी पहिल्या मजल्यावरचा पाइप गळू लागला. कारकुनाने सूचना टाकली. काका पाना घेऊन जिना चढले. एकेक दार ठोठावत, प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून दम खात. “अकरापासून तासभर पाणी नाही हं.” लॅबवाले म्हणाले, “ग्रुपवर टाकायचं ना!” एक्स-रेवाल्याने अंगठा वर केला. काका म्हणाले, “तोंडाने बोल, बाबा.”

चौथ्या मजल्यावर सिस्टर दारात आली. “थांबा काका. दोन मशीन चालू आहेत. चाळीस मिनिटं लागतील.”

“थांबतो की,” काका म्हणाले.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई पिशवी घेऊन बसली होती. काका शेजारी बसले, पाना मांडीवर. त्यांना ती ठाऊक होती. तिला ते ठाऊक असतील की नाही, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

आतून हाक आली, “ताई! ओ ताई! किती वेळ अजून?”

बाई उठली. “झालंच हं भाऊ,” ती म्हणाली, “थोडंच राहिलंय.”

तिला वाट द्यायला काकांनी पाय आखडून घेतले.