डावीकडची टेप

सुट्टी असूनही मी अर्धं शटर उघडून माझ्या सायकलच्या दुकानात काम करत बसलो होतो. दादाची रेसिंग सायकल ढकलत वहिनी आत आली. दोन वर्षांपूर्वी दादा उतारावर याच सायकलवरून पडला, तो उठलाच नाही.

"भावजी, मला ही चालवायचीये," ती म्हणाली. "पण तळहातांना मुंग्या येतात. हँडलला चांगली मऊ टेप बसवून द्या."

मी चार प्रकार तिच्यापुढे ठेवले. तिने नेमकी सगळ्यात जाड उचलली.

"हँडल धरायचंय की त्याच्यावर झोपायचंय, वहिनी? तुमची बोटं तरी पोचतील का तिच्याभोवती?" मी मधल्या जाडीची काढून दिली. तळहात टेकतो तिथे आत एक मऊ तुकडा घालायचं ठरलं. बोलत राहिलो तेवढं जुनी टेप उकलणं लांबलं. मला तेच हवं होतं.

"डावीकडची आपोआप सुटते हो," ती म्हणाली. "रोज सकाळी मी दाबून बसवायचे. दोन वर्षं दुसऱ्या कुणी हात लावला नाही, तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच सुटलेली. त्यांची मूठ असायची ना, अगदी तिथेच."

उजवीकडची टेप एका दिशेने गुंडाळायची, डावीकडची तिच्या उलट. मग चालवणाऱ्याच्या मुठीच्या जोराने दोन्ही आवळत जातात. त्या शुक्रवारी दादाच्या सायकलला घाईघाईत मी दोन्ही एकाच दिशेने गुंडाळल्या. शनिवारी सकाळी दादा गेला. उतारावर डावीकडची टेप त्याच्या हातात फिरली का, हे कुणालाच माहीत नाही. मी मेल्याने विचारायचीही हिंमत केली नाही.

ब्लेड लावायच्या आधीच डावीकडची टेप माझ्या हातात आली. एकाच सकाळी वापरलेली, तरी दादाच्या तळव्याने ती एके ठिकाणी गुळगुळीत झाली होती. खालची दांडी गरम लागली. सायकल तर सावलीत उभी होती.

"वहिनी, ही चुकीची गुंडाळली होती. मी."

"माहितीये मला. त्यांनी घरी आल्या आल्या पाहिलं होतं. म्हणाले, गाढवाने घोळ घातलाय, रविवारी मीच नीट करतो. त्याला बोलू नकोस, मनाला लावून घेईल."

"म्हणून दोन वर्षं गप्प बसलात?"

"त्यांनी सांगितलं होतं ना."

मला रडू आवरेना. तिने नवी टेप माझ्या हातात ठेवली. उजवी बाजू कशीबशी झाली. डावीकडे आलो आणि माझा हात पुन्हा त्याच चुकीच्या दिशेने वळला. दांडी अजून गरम होती.

वहिनीने माझं मनगट धरलं.

"दुसऱ्या बाजूने, भावजी," ती हळूच म्हणाली. "आज रविवार आहे."