उघाडीपर्यंत चालणारी काठी

मी बांबू. पूर्वी सात फूट होतो, आता साडेतीन उरलो आहे. फार बोलायची मला सवय नाही. पण एका माणसाबद्दल सांगायचं आहे, म्हणून बोलतो.

त्याचं नाव दत्तात्रेय. उरणकडच्या मिठागरात तो काम करायचा. त्याने मला बांबूच्या बेटातून तोडलं, तासलं आणि टोकाला लाकडी फळी ठोकून मीठ ओढायचं फावडं केलं. माझ्याआधीचे तीन दांडे कुजले होते. मी टिकलो.

खाऱ्या पाण्यात पांढरे खडे धरले की मला पुढे टाकायचं आणि मीठ काठाकडे ओढायचं. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच. त्या कामाचं कौतुक मी सांगणार नाही. त्याच्या पायाला भेगा पडायच्या, चकाकीने डोळे जळायचे. पण पोटऱ्या घट्ट होत्या आणि पाठ टेकली की झोप लागायची.

पुढे मिठागरावर भराव पडला. खाडीकडचा बांध तेवढा शिल्लक राहिला. दत्तात्रेयाने फळी काढून चुलीत घातली, मला करवतीने कापलं आणि बुडाला रबर बसवलं. मी काठी झालो.

"दुकानात चांगल्या काठ्या हायत की," त्याची बायको ठमी म्हणाली.

"त्यांना माझा हात म्हाईत न्हाय," तो म्हणाला.

रोज सकाळी आम्ही बांधावरून उघाडीपर्यंत जायचो. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवायची आणि सोडायची दारं. तिथे त्याचा जुना सोबती तुकाराम आधीच येऊन बसलेला असायचा.

"आलास? मला वाटलं, गेलास," तुकाराम म्हणायचा.

"तुला पोचवल्याबिगर कसा जाईन?"

मग दोघं शेजारी बसायचे. अर्धा तास नुसतं पाणी बघायचं, बगळे बघायचे. परत येईपर्यंत त्याला कडकडून भूक लागलेली असायची. रक्तातली साखर आटोक्यात होती. काय पथ्य करता, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तो एकच शब्द बोलला होता. "चालतो."

बिघडलं ते एका हळदीत. दत्तात्रेयाच्या मुलाचे, धनेशचे, चार ट्रेलर चालतात. गावात त्याला मान आहे. हळदीच्या मांडवात वाजंत्रीच्या वर आवाज काढून एक जण म्हणाला, "धनेशशेठ, चार ट्रेलर तुझे, आन बाप उन्हात बांधावर फिरतो! घरात खुर्ची न्हाय का रे?"

माणसं हसली. धनेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. दत्तात्रेयाने ते पाहिलं. मी त्याच्या हातात होतो. मूठ आवळलेली मला कळली.

या लोकांचं एक मला कधी पटलं नाही. जन्मभर उन्हात राबलेल्या बापाला सावलीत बसवलं, की पोराने नाव काढलं म्हणतात. त्या बापाला सावली हवी आहे का, हे कुणी विचारत नाही.

महिन्याभरात धनेशने वरच्या मजल्यावर खोली करून दिली. गुळगुळीत फरशी, एसी, टीव्ही, जाड गादी.

"बाबा, खूप केलंत. आता खाली उतरायचं पण नाही. सगळं वर येईल."

"त्यांना चालू दे रे," ठमी म्हणाली. "झाकून मीठ ठेवतात, माणूस न्हाय."

"आई, लोक मला नावं ठेवतात."

दत्तात्रेय नाही म्हणू शकला असता. मुकादमापुढे तो कधी वाकला नव्हता. पण पोराची मान गावात खाली गेलेली त्याने पाहिली होती. त्याने मला दाराआड उभं केलं आणि गादीवर जाऊन बसला. त्याची एवढी एक गोष्ट मी माफ केलेली नाही.

सहा महिन्यांत पोटऱ्या उतरल्या. मग झोप गेली, मग भूक. एसीसाठी खिडकीची काच बंद असायची. तुकाराम एकदा जिने चढून धापा टाकत आला.

"तिकडं वारा सुटलाय," तो म्हणाला.

"हितं पण मशीन हाय," दत्तात्रेय म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. तुकाराम पुन्हा आला नाही. त्याच्या गुडघ्यांना ते जिने झेपणारे नव्हते.

डॉक्टर घरी आले. पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "चालणं कधी सोडलंत?"

धनेश म्हणाला, "मी सोडवलं. आराम मिळावा म्हणून."

"रोज बाहेर न्या. ऊन लागू द्या, वारा लागू द्या, धरून चालवा. पण फार उशीर केलात."

दुसऱ्या दिवशी धनेशने मला बापाच्या हातात दिलं. चौथ्या पायरीवर दत्तात्रेयाचे गुडघे वाकले. मी माझ्याकडून ताठ राहिलो. पण मला धरायला त्याच्या मुठीत जोर नव्हता. धनेशने त्याला पाठुंगळी घेतलं, गाडीत बसवलं, बांधापाशी नेलं आणि दार उघडलं. लांब उघाडीवर तुकाराम बसलेला दिसत होता.

"दार लाव," दत्तात्रेय म्हणाला.

"बाबा, दोनच पावलं. मी धरतो."

"उचलून आणलेला मी त्याला दाखवणार न्हाय. चालत येईन तवा येईन."

धनेश गाडीच्या दाराला धरून रडला. मोठा माणूस, रस्त्यावर, लोकांसमोर रडला. त्या दिवशी त्याला लोकांचं काही वाटलं नाही. ते आधी वाटायला नको होतं.

दत्तात्रेय चालत आला नाही. पौषात गेला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी ठमी मला घेऊन फाटकापाशी आली. तिला काठीची सवय नाही. मला फार खाली धरते.

"आई, ऊन—" धनेशच्या तोंडून निघालं. पुढचं त्याने गिळलं. बाजूला झाला आणि फाटक उघडलं.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. ती अर्ध्या बांधावरून परतते. तेवढं पुरे आहे.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सकाळी बाहेर निघालं, तर कशाला जाता, असं म्हणू नका. सोबत जाता आलं तर जा. नाही जमलं तर वाटेतून बाजूला व्हा. गादी संध्याकाळी घाला.

ठमीने चपला घातल्या आहेत. मी निघतो.