हार्लनची गिटार आणि तळघराचे दार

मित्रांनो, मी एक जुनी, मान मोडलेली गिटार आहे. टल्सातल्या एका सुताराने मला घडवले आणि एकतीस वर्षे हार्लन टकेटने मला छातीशी धरले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या जत्रा, नाचघरे, ट्रकवाल्यांच्या खाणावळी आम्ही पालथ्या घातल्या. गहू, मोडलेले संसार आणि लांबचे रस्ते यांवर तो गाणी रचायचा. माणसे ती ऐकून रडत आणि रडता रडता नाचत. मग त्याच्या घशाला दुखणे जडले. दोन वर्षे मी पेटीत गंजत पडले. एप्रिलमध्ये हार्लन गेला.

मेमधल्या एका दुपारी त्याचे चाहते गावातल्या नाचघरात जमले. त्याच्या बायकोने, वेल्माने, मला खुर्चीवर ठेवले. चाहत्यांवर तिचा जुना राग होता.

"त्याला तर आयुष्यभर तुम्हीच नेलंत," ती म्हणाली. "हिला तरी हात लावू नका."

"नुसती बघते गं," बर्निस म्हणाली. शाळेची बस चालवत म्हातारी झालेली ही बाई हार्लनचा एकही कार्यक्रम चुकवत नसे.

"मग लांबून बघ."

तीन गाणी झाली असतील. बाहेर आभाळ वादळाआधी होते तसे हिरवट झाले आणि टोर्नॅडोचा, म्हणजे चक्राकार वादळाचा, इशारा देणारा भोंगा वाजू लागला. सगळे नाचघरामागच्या अंगणात खणलेल्या तळघराकडे धावले. मी खुर्चीवरच राहिले. छप्पर कण्हत होते. कोणी न छेडता माझ्या तारा थरथरू लागल्या. लाकडाला भीती नसते असे म्हणतात. ते खोटे आहे.

तेवढ्यात बर्निस परत आली आणि मला उचलून धावली. तळघर पायऱ्यांपर्यंत गच्च भरले होते. ती सगळ्यात वरच्या पायरीवर कशीबशी मावली, पण माझी मान दारात अडकली.

"दार लागत नाहीये," आतून कोणीतरी ओरडले.

"टाक ती बाहेर," तिच्या खालच्याच पायरीवरून वेल्मा म्हणाली.

"हार्लनची आहे गं."

"हार्लन मेलाय, बर्निस. तू अजून आहेस."

बर्निसची बोटे सुटेनात. वेल्माने ती एकेक करून सोडवली आणि मला गवतावर ठेवले. ठेवताना तिचा हात क्षणभर माझ्यावर थांबला. मग कडी लागली.

त्यानंतर नुसता गडगडाट. पत्रे, कुंपण, मी, सगळे हवेत. माझे काय होईल याहून मला त्या दाराची धास्ती होती. ते टिकेल ना?

दार टिकले. एकूण एक माणूस जिवंत वर आला. मी गव्हाच्या शेतात सापडले, मान मोडलेली, पोट फुटलेले. बर्निस मला मांडीवर घेऊन रडत बसली.

"घरी चल," वेल्मा तिला म्हणाली. "छप्पर असलं तर घेवडा शिजवू. नसलं तरी शिजवू."

त्या घरात चाहत्याचे पाऊल पहिल्यांदाच पडले. हल्ली बर्निस दर रविवारी येते. दोघी भांडतात, आणि हार्लनची गाणी बेसूर गातात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमच्या तारा पुसा, आम्हाला पेटीत गंजू देऊ नका. पण भोंगा वाजला, की आम्हाला आहोत तिथेच सोडा आणि शेजारच्या माणसाचा हात धरून पळा.