बुधवारची शर्यत आणि डावी दाढ

सोमवारी बल्ब बदलताना नवरा स्टुलावरून पडला आणि मनगट मोडून घेऊन बसला. बुधवारी संध्याकाळी क्लबाची शर्यत होती. त्याच्या आईची शिडाची होडी छोटीच, पण तिला दोन माणसं लागायची. आई सुकाणू धरायची, मुलगा दोऱ्या ओढायचा, वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. आता मुलाचा हात गळ्यात अडकवलेला, आणि ऐनवेळी दुसरं कोणी मिळेना.

मग सासूबाई सुनेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुला वेळ असेल तरच हं. दवाखाना असेल तर राहू दे."

"नाही हो आई, येईन की. पण मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला उगाच अडचण नको."

"अडचण कसली गं! तू नुसती बसलीस तरी पुष्कळ."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि दोघी अजून अशाच बोलायच्या, जपून जपून, घरात कोणी तान्हं मूल झोपलंय असं वाटावं. शेवटचा घास दोघींच्या आग्रहात गार होऊन जायचा. भांडण म्हणून कधी झालं नाही. खऱ्या गप्पाही कधी झाल्या नाहीत. सून दातांची डॉक्टर होती. दोनदा तिने सासूबाईंना म्हटलं होतं, दवाखान्यात या, एकदा दात बघून घेते. दोन्ही वेळा उत्तर एकच: "ठणठणीत आहेत गं माझे दात, तू कशाला त्रास घेतेस."

धक्क्यावर सासूबाईंनी तिच्या अंगात लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि दोऱ्या दाखवल्या. "ही पुढच्या शिडाची. मी 'वळ' म्हटलं की ही सोडायची, पलीकडची ओढायची आणि वाकून दुसऱ्या बाजूला जायचं. वाकली नाहीस तर हा आडवा दांडा डोक्यात बसेल."

भोंगा वाजला, होडी सुटली आणि सासूबाईही सुटल्या.

"ओढ! अगं ओढ म्हणते ना! ती नव्हे, दुसरी! डोकं! डोकं सांभाळ! वळ!"

सून दचकून इकडून तिकडे पडली. या बाईंना एवढा आवाज आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. खरं तर सासूबाईंचा जन्म सूतगिरणीत गेला होता, यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून माणसं हाकण्यात. सून घरात आल्यापासून त्यांनी तो आवाज मुठीत धरून ठेवला होता, एवढंच. इथे पाण्यावर मूठ उघडली.

शर्यतीची वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेल्या पहिल्या बोयाला वळसा घालताना सुनेने नेमकी चुकीची दोरी सोडली. पुढचं शीड फडफडायला लागलं. सासूबाई अशा काही ओरडल्या की शेजारच्या होडीतला माणूसही आपली दोरी तपासू लागला. त्याच वेळी उतरतं ऊन थेट त्यांच्या उघड्या तोंडात पडलं. सुनेचे हात दोरी शोधत होते, पण नजर सवयीने आत गेली. खालची डावी दाढ. चांदी भरलेली. आणि त्यातली अर्धी उडालेली.

दुसऱ्या बोयाच्या अलीकडे वारा पडला. शिडं ओल्या चादरींसारखी लोंबू लागली, सगळ्या होड्या जागच्या जागी. उजवीकडे जवळच सासूबाईंच्या धाकट्या दिरांची होडी होती. ते बहुतेक बुधवारी जिंकायचे आणि ते पुढच्या बुधवारपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे.

"वहिनी, डोळा लागला का?" त्यांनी हाक मारली.

"तुमच्या पुढे निघाले की तुम्हाला उठवते हं, भाऊजी!"

सुनेला राहवेना.

"आई, ती खालची डावी दाढ कोणी भरली?"

सासूबाईंचा हात गालावर गेला. "कुठली?"

"आई."

"चौकातल्या त्या दातवाल्याने," सासूबाई सुकाणूकडे बघत म्हणाल्या. "गेल्या वर्षी."

"घरात डॉक्टर असताना?"

"घरात आहेस म्हणूनच तर! तुझ्यासमोर आ वासून, लाळ गाळत पडायचं, आणि मग घरी तुझ्याशी कुठल्या तोंडाने बोलायचं?"

सून इतकी हसली की होडी डुलायला लागली.

"हलू नकोस गं!"

"अहो, शर्यत सुरू झाल्यापासून तुमचं तोंडच बघतेय मी! आता लपवायचं काय राहिलंय? दुखतेय ना?"

"ठणकतेय," सासूबाईंनी कबूल केलं आणि त्यांनाही हसू फुटलं, गाल धरून.

"आणि ओरडायचं तर खुशाल ओरडा. पण काय करायचं ते आधी सांगा, मग ओरडा."

सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग ऐक. पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसल्या की तिथे वारा आहे समज. शिडापलीकडचं मला दिसत नाही. ते तू बघायचंस."

सून शिडाखालून वाकून बघू लागली. बराच वेळ नुसतं चकचकीत पाणी. मग डावीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, कोणी पाण्यावरून उलटा हात फिरवावा तशी काळी रेघ उमटली आणि पसरू लागली.

"डावीकडे! आई, वारा येतोय!"

"बोया तर उजवीकडे आहे. नक्की का?"

"आधी वळा, मग विचारा!" सून ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाने चपापली.

सासूबाई वळल्या. होडी कुरकुरत, जड अंगाने सरकली आणि एकदम शिडं भरली. होडी कलली, सून होडीच्या काठावर बसून मागे झुकली, पाठ पाण्याला लागली. थंडगार! दिरांच्या होडीत तेव्हा थर्मासमधून चहा ओतणं चाललं होतं. त्यांनी वर पाहिलं तोवर वहिनी बोयाला वळसा घालत होत्या.

"भाऊजी, उठा!"

शेवटच्या टप्प्यात दिरांनी बरंच अंतर तोडलं, पण होडीचं नाक काही पुढे काढता आलं नाही. पहिल्या दोन होड्या कधीच पोचून शिडं उतरवत होत्या. या दोघी तिसऱ्या, दीर चौथे.

"वहिनी, हा बदली माणूस कुठून आणलात?" धक्क्यावर त्यांनी विचारलं.

"घरातूनच," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या ओल्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

परतताना सुनेने गाडी दवाखान्यापुढे थांबवली.

"अगं, उद्या बघू. अंग भिजलंय."

"आत्ता. चला."

टॉवेल गुंडाळून सासूबाई खुर्चीत आडव्या झाल्या. दिवा लागला, तोंडात नळी आली, तरी शर्यत काही थांबेना. हातवारे करून त्या दुसरा बोया सांगत राहिल्या.

"हो, पण तिथे तुम्ही सुकाणू उशिरा फिरवलंत," सून दाढ तपासत म्हणाली.

सासूबाईंनी नळी बाजूला सारली. "उशिरा? मी? अगं, दोरी तुझ्या पायात अडकली होती!"

"आ करा."

त्यांनी आ केला. पण एक बोट वरच धरून ठेवलं, म्हणजे मुद्दा अजून संपलेला नव्हता.