आचलचे मासे माझ्या पोटात होते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि रागावलेला आहे. सूरजच्या सायबर कॅफेच्या मागच्या खोलीत, फुटक्या कूलरशेजारी, पोत्याखाली पडलो आहे. धुळीचे मला काही वाटत नाही. जे मनाला लागले ते वेगळेच आहे.

नागपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. दोन हजार तीनच्या दिवाळीत सूरजने मला ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर, प्लायवूडच्या आडोशात बसवले. हार घातला, नारळ फोडला. क्वार्टरमधली मुले निकाल पाहायला येत, बायका दूरदेशीच्या लेकांशी बोलायला येत. आपला हा गडी सगळ्यांत तेज आहे, असे सूरज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी फुशारून जाई.

पुढे सूरजने माझ्यात एक नवाच प्रोग्राम भरला. त्यात टाकलेल्या फाइलचे तुकडे होत, प्रत्येक तुकड्याला कुलूप लागे आणि ते जगभरच्या अनोळखी संगणकांत विखुरले जात. पंगतीत बुंदीचे ताट हातोहात पुढे सरकते ना, तसे. शेवटच्याला ताट मिळते, पण ते कोणी सोडले हे कळत नाही. सूरज त्यावरून गाणी उतरवी. मला मात्र इतरांची गुपिते पोटात ठेवण्याचा मोठा अभिमान वाटे.

पोंभुर्ण्याकडच्या एका गावातून आचल नावाची मुलगी एसटीने कॉलेजला येई. तिचे वडील मनसाराम गावच्या तलावात मासे धरीत, आणि एरवी एका ठेकेदाराच्या गाड्या भरायला रोजीने जात. त्याच ठेकेदाराचे टँकर कुठल्याशा कारखान्याचे लाल पाणी तलावात सोडू लागले. मासे पोट वर करून काठाला लागले. मैत्रिणीच्या भावाचा कॅमेरा मागून आचलने फोटो काढले. टँकरचे नंबरही त्यात आले. पण नाव फुटले तर बापाची रोजी जाणार, आणि तलाव तर आधीच मेलेला. मग खायचे काय?

"सूरजभाऊ, माहं नाव निघन का यातून?" तिने विचारले.

"नाई निघत, बाई. माह्यापासून कुठी जात नाई," सूरज म्हणाला. त्यानेच तिला फोटो टाकायला शिकवले.

मासे माझ्या पोटात शिरले आणि तुकड्यातुकड्याने जगभर गेले. ते फोटो कोणी तरी उघडले, कोणी तरी पेपरात छापले. महिन्याभरात तलावावर चौकशीची जीप आली आणि टँकर थांबले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस.

मग ठेकेदाराचा माणूस कॅफेत आला, सोबत संगणकाचा एक जाणकार घेऊन. फोटो इथूनच निघाले असावेत, असा त्यांना नुसता संशय होता. जाणकाराने माझे पोट उघडून पाहिले. कुलूपबंद तुकड्यांखेरीज त्याला काही सापडले नाही. घाम पुसत तो म्हणाला, यातून कोणाचेच नाव निघायचे नाही. मी मनात हसलो.

ठेकेदाराच्या माणसाने मग सूरजला चहा पाजला आणि कॅफेला तीन नवे संगणक देऊ केले. सूरजने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मनसारामची पोरगी बसे इथी," तो म्हणाला.

संपले. जाणकाराला जमले नाही ते एका कप चहाने केले. जाता जाता त्यांनी माझ्यातले सारे तुकडे पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी मनसारामला कामावरून हाकलले. "लेकीले फोटो काढाले लाव आता," असे ठेकेदाराने त्याला सर्वांसमोर सुनावले. आचल तडक कॅफेत आली. माझ्यासमोर बसली आणि फोटो शोधू लागली. माझे पोट रिकामे होते. मी मागणी पुढे पाठवली. बराच वेळ काहीच आले नाही. मग एक तुकडा आला, पाठोपाठ दुसरा. कुठल्या देशातून, कोणाच्या घरातून, मलाही ठाऊक नाही. हळूहळू पडद्यावर ते पांढऱ्या पोटाचे मासे पुन्हा उमटले.

आचल सूरजकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"भाऊ, ज्यायले माहं नावही माहीत नाई, त्यायनं हे जपून ठेवलं. तुमाले तर माहीत होतं."

सूरजने मान खाली घातली आणि माझे बटण बंद केले. त्याच संध्याकाळी माझ्या जागी नवा संगणक आला. त्यालाही हार घातला, नारळ फोडला.

मित्रांनो, जुनी यंत्रे अडगळीत जातातच, त्याचे दुःख मी करत नाही. माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. पण कोणी विश्वासाने आपले नाव तुमच्यापाशी ठेवले, तर तेवढे जपा. कुलूप लावणे मला जमत होते. तोंड बंद ठेवणे सूरजचे काम होते, आणि ते त्याने केले नाही. आचल आता आमच्या रस्त्याने जात नाही. तिचे मासे मात्र अजून कुठल्या तरी अनोळखी घरात सुखरूप आहेत.