विषम संख्येची वाट

ही २०१९ सालची गोष्ट. धुळ्याला देवपुरातल्या एका वाचनालयात लताबाई दर दिवाळीनंतर अक्षरपटाची स्पर्धा भरवीत. पटावर अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द करायचा. सोंगट्यांवरच्या अंकांची बेरीज म्हणजे गुण. नियम लताबाईंनीच घातलेले. भरवणाऱ्याने खेळायचं नाही. फक्त खेळाडूंची संख्या विषम निघाली, तर उरलेल्यासमोर त्याने बसायचं.

त्या एका नियमावर लताबाई वर्षानुवर्षं डोळे लावून होत्या. कारण जळगावहून शहनाज यायची. अमळनेरला कॉलेजात असताना दोघींनी पुठ्ठा कापून हा खेळ मांडला होता. पुढे लग्नं झाली आणि समोरासमोर बसणं राहूनच गेलं. स्पर्धेतही शहनाज दुसऱ्या कुणाशी खेळे, लताबाई चहाचं बघत. आता ती कायमची सुरतेला, लेकीकडे निघाली होती.

त्या सकाळी अमळनेरचे भूषण मास्तर आले नाहीत. संख्या विषम झाली. डब्यातल्या चिठ्ठ्या काढता काढता एकच उरली. लताबाईंनी ती उघडली आणि नुसती हातात धरून ठेवली. शहनाज.

"बस आता," शहनाज म्हणाली. "इतकी वर्षं चहावरच बोळवण केलीस माझी."

"साखर कमी पडली का कधी?"

"चिठ्ठी अजून घट्ट धरलीयस, लते."

"पंखा जोरात आहे."

पहिला शब्द शहनाजचा होता. ती सोंगट्या लावून बघे, परत उचलून घेई. कॉलेजातही अशीच.

"मांड ना बाई. अंधार पडेल."

"घाई कसली शे तुला?"

तेवढ्यात खिडकीतून फाटकाशी भूषण मास्तर दिसले, धापा टाकत येताना. वाटेत बस पंक्चर झाली होती. पटावर पहिला शब्द पडेपर्यंत उशिरा आलेल्याला जागा द्यायची, हाही नियम लताबाईंचाच. शहनाजची पाठ दाराकडे होती. इतका वेळ घाई करणाऱ्या लताबाईंनी आता मात्र तिला 'मांड' म्हटलं नाही. मास्तर उंबऱ्यात आले तेव्हा पट कोराच होता.

त्या उठल्या. "बसा मास्तर. वेळेत आलात."

शहनाजने मान वर केली नाही. "तुझेच नियम," एवढंच म्हणाली.

तो डाव मास्तर हरले. पुढे स्पर्धा त्यांनीच हाती घेतली, अजूनही भरवतात. शहनाज सुरतेला गेली आणि दोन वर्षांनी तिथेच वारली. लताबाईंना आता खेळायची मोकळीक आहे. गेल्या वर्षी डब्यात त्यांचीच चिठ्ठी उरली. मास्तर खुर्ची ओढून समोर बसायला आले.

"थोडं थांबू या," लताबाई दाराकडे बघत म्हणाल्या. "कुणी यायचं असेल अजून."